एमएला राजकीय अर्थशास्त्र घ्यावं का?

प्रश्न: बीएला अर्थशास्त्र होतं. आलेख काढून कंटाळा आलाय. भांडवलशाहीच्या इतिहासात नक्की काय शिकवतात?

जुना विद्यार्थी: आमचं अख्खं सत्र ती सुरू कुठे झाली यावरच गेलं. इंग्लंडात सामाईक जमिनींना कुंपणं पडली तिथे, की १६०२ च्या डच ईस्ट इंडिया कंपनीसारख्या व्यापारात? अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथचं ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ मुळातून वाच. श्रमविभागणी समजवायला त्याने सुरुवातीलाच दिलेल्या टाचण्यांच्या कारखान्याच्या उदाहरणापुढे सहसा कुणी जात नाही. मजुरी वाढू नये म्हणून मालक आतून एक असतात, हेही त्यानेच १७७६ मध्ये लिहिलंय.

आकडेमोड्या: गणित मात्र सोडू नकोस. जुन्या हिशेबवह्या वाचायला लागतंच.

प्रश्नकर्ता: आणि मार्क्स?

जुना विद्यार्थी: त्याच्या ‘भांडवल’चा पहिला खंड. कामाच्या तासांचं प्रकरण आधी घे, सुरुवातीच्या मूल्यचर्चेत भलेभले अडकतात.