फुकटचं खत नाही हो ते
वर कोणीतरी म्हणालंय की ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकच्या धुरातला नायट्रोजन म्हणजे शेजारच्या येऊरच्या जंगलातल्या झाडांना फुकटचं खतच, बिघडलं कुठे. अहो, झाड मुळांवरच्या बुरशीला साखर देतं ते तिने नायट्रोजन-फॉस्फरस आणून द्यावा म्हणून, आता नायट्रोजन आयताच मिळाला तर कशाला पोसेल तिला? युरोपात 20 देशांतल्या जंगलांमधल्या 137 प्लॉट्सवरचं संशोधन 2018 मध्ये छापून आलं, त्यात हवेतून हेक्टरी वर्षाला 5-6 किलो नायट्रोजन पडला तरी बुरशीच्या जाती बदलायला लागतात असं दिसलं (युरियाच्या 45 किलोच्या गोणीत साधारण 20 किलो नायट्रोजन असतो, म्हणजे पाव गोणी!). अर्थात ते पाइन-ओकसारख्या झाडांचं, तिथे बुरशी मुळाच्या टोकाला मोज्यासारखी चढते, आपल्या सागाची मुळाच्या आतच शिरते, प्रकारच वेगळा, त्यामुळे आकडा येऊरला जसाच्या तसा चिकटवू नका.