बीटल्सना चौघांनी घडवलं की काळानं?

सदरकर
बीटल्स, म्हणजे इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा जगप्रसिद्ध बँड. त्यांचा विषय निघाला की जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो या चार अलौकिक पोरांची गोष्ट सुरू होते. मला वाटतं, त्यांना युद्धानंतरच्या ब्रिटननं घडवलं. तिथं तरुणांना दोन वर्षं सक्तीनं सैन्यात काढावी लागत. १ ऑक्टोबर १९३९ नंतर जन्मलेले त्यातून सुटले. जॉन आणि रिंगो १९४० चे, पॉल १९४२ चा, जॉर्ज १९४३ चा. ती सक्ती आणखी चार-पाच वर्षं टिकली असती तर ऐन उमेदीत एकेक जण बराकीत गेला असता. कुठला बँड आणि कुठलं काय!

रिंगोचंच बघा. लिव्हरपूलच्या डिंगल या गरीब वस्तीतला मुलगा, तेराव्या वर्षी क्षय झाला. १९४८ पासून ब्रिटनमध्ये सरकारी उपचार मोफत होते, म्हणून तो दीर्घकाळ सॅनेटोरियममध्ये राहू शकला. मुलांचं मन रमावं म्हणून तिथं वाद्यं वाजवायला देत. हा दोऱ्याचं रीळ घेऊन खाटेशेजारचं कपाट बडवत बसायचा. ड्रमचं वेड तिथं लागलं. पॉलची आई नर्स, जॉर्जचे वडील बसवर कामाला. दोघांना चांगली शाळा मिळाली, कारण १९४४ च्या शिक्षण कायद्यानं सरकारी माध्यमिक शाळांची फी बंद केली होती.

बर्डीवाला
सदरकर भाऊ, हे सगळं खरं आहे, पण मग रोरी स्टॉर्मचं काय? रिंगो १९६२ पर्यंत त्याच्याच बँडमध्ये वाजवत होता. शहर तेच, मोफत दवाखाना तोच, ड्रमरसुद्धा तोच! १९६० मध्ये लिव्हरपुलात रोरीचं नाव बीटल्सपेक्षा मोठं होतं. आज कोण ओळखते त्याला? त्या शहरात तेव्हा शेकडो बँड होते न. काळ सगळ्यांना सारखाच होता.

फरक पडला तो स्वतःच्या गाण्यांनी. जॉन आणि पॉल समोरासमोर बसून गाणी लिहीत. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या बारमध्ये रात्र-रात्र वाजवून हात तयार केला. जानेवारी १९६२ मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीनं त्यांना ऐकलं आणि पुढे नकार दिला, तरी थांबले नाहीत. आपल्याकडचे गणपतीतले ऑर्केस्ट्रावाले घ्या. हात काय सुरेख असतो एकेकाचा! पण वाजवतात सिनेमाची गाणी. स्वतःचं लिहिल्याशिवाय कोणताच काळ तुम्हाला वर नेत नाही.

लक्ष्मीनगरची
तुम्ही दोघंही मुलींना विसरून राहिले. रेकॉर्डी घेतल्या कोणी? पंधराव्या वर्षी शाळा सोडून दुकानात, कारखान्यात, टायपिंगला लागलेल्या मुलींनी. हातात स्वतःचा पगार होता आणि तो कशावर खर्चायचा हे घरच्यांना विचारावं लागत नव्हतं. त्यांच्या किंचाळण्याची वर्तमानपत्रांनी टिंगल केली. मला त्यात चारचौघांत मनमोकळं ओरडण्याची पहिली संधी दिसते. आणि बीटल्सच्या पहिल्याच अल्बममध्ये शिरेल्स या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींच्या गटाची दोन गाणी आहेत. मुलींनी गायलेली गाणी ही पोरं न लाजता गात होती. मुलींना ते कळलं होतं, समीक्षकांना फार उशिरा कळलं.

सदरकर
ताई, हा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. पगार हातात आला, मग गिऱ्हाईक तयार झालं. बर्डीवाले भाऊ, रोरी की जॉन हे गुणांनी ठरलं असेल. पण बंदरावरच्या शहरातल्या कामगारांच्या मुलांपैकी कोणीतरी वर येणारच होतं, हे काळानं ठरवलं.

इंदोऱ्याहून
शिरेल्सचं नाव आलं म्हणून लिहितो. चक बेरी, लिटल रिचर्ड या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांचं संगीत या चौघांनी घेतलं आणि पैसा, नाव मुख्यतः गोऱ्यांकडे गेलं. ११ सप्टेंबर १९६४ च्या अमेरिकेतल्या जॅक्सनव्हिलच्या कार्यक्रमाआधी, काळ्या-गोऱ्या श्रोत्यांना वेगळं बसवणार असाल तर वाजवणार नाही, असं त्यांनी ठणकावलं. त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तो बदल अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर मार खाऊन आणला होता, बँड त्यात नंतर सामील झाला.

आणि बर्डीवाले भाऊ, स्वतःची गाणी लिहिणारे शोधायला लिव्हरपूलला कशाला जाता? आपल्याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. त्या बदलाची गाणी लोकांनी स्वतः लिहिली, स्वतः गायली. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग लागायचे, आठवतं? आधी माणसं बदलली, मग गाणं आलं.

बर्डीवाला
दादा, दीक्षाभूमीचं एकशे एक टक्के मान्य. पण चळवळ तर सगळ्यांचीच होती न, तरी ओठांवर लोककवी वामनदादा कर्डकांच्याच ओळी काहून येतात? शेवटी लिहिणारा माणूस लागतोच.

इंदोऱ्याहून
लागतो. पण रेडिओ, रेकॉर्ड हाताशी नसताना त्या ओळी गावोगाव नेल्या गायन पार्ट्यांनी. दिवसभर मजुरी करून रात्री हार्मोनियम-ढोलकी घेऊन बसणारी माणसं होती ती. त्यातल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच कॅसेटवर नाही. वामनदादांसोबत त्यांनाही मोजा, मग काळ मोठा की माणूस, यावर बोलू.