वाचनालयाच्या तीन पायऱ्या आणि दहावीची मुलं: रॅम्पला वळण कसं द्यावं?

गणित शिक्षिका, कळवा

मी दहावीला गणित शिकवते. शाळेमागच्या सोसायटीत छोटं वाचनालय आहे. तिथे येणारे एक आजोबा अर्धांगवायूनंतर व्हीलचेअरवर आहेत. कोणीतरी पेपर बाहेर आणून देतं आणि ते फाटकापाशी उन्हात बसून वाचतात. वर्गातल्या मुलांनीच विचारलं, "बाई, आपण रॅम्प करू या का?" सोसायटीने होकार दिलाय, गवंडीही ठरलाय. मापं आणि आकडेमोड मुलांची.

पायऱ्या १६, १४ आणि १५.५ सें.मी., म्हणजे चढ ४५.५. उतार एकास बारा, म्हणजे एक सें.मी. चढायला बारा सें.मी. जमीन, असा धरला तर जमिनीवर ५४६ सें.मी. लागतात. पायथागोरसने उताराची लांबी काढली तर ५४८सुद्धा भरेना. इतका थोडा फरक मुलांना पटलाच नाही, तिघांनी परत करून पाहिलं.

अडचण अशी, की ओट्यापासून कुंपणापर्यंत जागा ४१०च आहे. "एकास नऊ करू, दीड अंशाचाच तर फरक," एकजण म्हणाला. कॅल्क्युलेटरवर ते खरंच आहे: ४.८ आणि ६.३ अंश. मी वाद घातला नाही. आठ फुटी जाड प्लाय विटांवर टेकवला, उसनी व्हीलचेअर आणली. वरचं टोक २० सें.मी.वर असताना सगळे स्वतःच्या हातांनी चढले. २७ वर निम्मे मध्येच अडकले, मागून दोघांनी धरलं म्हणून बरं. नंतर एकास नऊचं नाव कोणी काढलं नाही.

आडवी जागा ६५० आहे, फाटक डाव्या कोपऱ्यात. वळवायचा कसा? आणि पावसाचं काय?

साइट सुपरवायझर, ऐरोली

२०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतही एकास बाराच आहे, त्याला धरून राहा. काटकोनात वळवा. कुंपणालगत ३०० मध्ये २५ चढा, उजव्या कोपऱ्यात १५० बाय १५० सपाट, मग ओट्याकडे २४६ मध्ये उरलेले २०.५. १५० आणि २४६ मिळून ३९६, तुमच्या ४१० मध्ये बसतं.

मालाचा हिशेब मुलांनाच करू द्या. फक्त दुसऱ्या भागाचा छेद त्रिकोण नाही, समलंब चौकोन आहे, इथे हमखास चुकतात. रुंदी १२० धरली तर एकूण २.०५ घनमीटर, म्हणजे पाऊण ब्रासच्या जरा आत (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट).

गवंडीकाम करतो, दिघा

बाई, पायऱ्यांची बेरीज म्हणजे चढ नव्हे. रॅम्प पायरीपासून नाही, फाटकाकडून सुरू होणार. तिथली जमीन पायरीइतकीच उंच आहे का? अंगण गटाराकडे उतरतं केलेलं असतं. लेव्हल पाइप, म्हणजे आरपार दिसणारी नळी, घ्या, पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक ओट्याशी, एक फाटकाकडे धरा; दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं, तिथून खाली मोजा. मुलं दहा मिनिटांत शिकतील.

काटकोनाला लहान गुण्या पुरणार नाही, दोरीवर ३-४-५ मीटर घ्या. वरून घोटाई नको, ओल्यावरच खराटा आडवा ओढा, नाहीतर पावसात चाक घसरेल. काम जूनच्या आत उरका.

व्हीलचेअरवर असतो, वाशी

दोन्ही बाजूंना कठडा लावा. अर्धांगवायूत एकच हात चालतो आणि येताना-जाताना बाजू बदलते. उंबरठाही मोजा. दोन सेंटिमीटरला माझं पुढचं चाक अडतं.

गणित शिक्षिका, कळवा

दिघ्याच्या दादांचे आभार कसे मानू! आज पाइप लावला. फाटकाकडची जमीन ४ सें.मी. खाली आहे. चढ ४९.५ झाला, लांबी ५९४. मुलांनी पहिला भाग ३४८ केला, त्यात २९ चढतो, आणि फाटकाशी १५२ मोकळे राहतात. व्हीलचेअर तेवढ्यात वळते, खडूने चौकोन आखून फिरवून पाहिली. उंबरठा ३ सें.मी. निघाला, तो काढायला सुतार रविवारी येतोय. ब्रासचा हिशेब पुन्हा मांडायला घेतलाय. कठड्याची उंची मात्र मुलं उद्या आजोबांनाच विचारणार आहेत.