मदत हवी आहे: कुंड्यांवरचा रंग फुगून निघतोय

रंगीतसंगीत
मातीच्या छोट्या कुंड्यांवर ॲक्रिलिकने नक्षी काढली. सुरुवातीला झकास दिसत होती. आता रंगाला फोड आलेत, नखाने ओढलं की पापुद्रा निघतो. वरून वॉर्निश मारलं तर आणखीच बिघडलं. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायच्या आहेत, वेळ अजिबात नाही. चांगला रंग कुठला ते सांगा. स्वस्तातला घेतला म्हणून होतंय का? आणि 'यूट्यूब बघा' सांगू नका, ते बघूनच केलंय.

चहाबाज
फोटो?

निवांत_नाना
प्रायमर मारला नसणार. हल्ली सगळ्यांना थेट नक्षीच काढायची असते. आधी पांढरा प्रायमर, वाळला की पॉलिश पेपर, मग पुन्हा प्रायमर. आमच्या गच्चीवरची लोखंडी खुर्ची बघा, तशीच रंगवली होती, अजून टवका नाही.

रंगीतसंगीत
प्रायमर मारलाय हो. दोन हात. आणि खुर्ची लोखंडी आहे.

कोकणमेवा
ॲक्रिलिक हवंच कशाला? गेरू लावा, वर पांढऱ्याने वारली काढा. मी क्रोशे, कॅलिग्राफी, मंडला सगळं करून शेवटी वारलीवर स्थिरावले. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आला की झालं. तुम्हीपण करून बघा, मन शांत होतं.

डोंगरवाट
'झालं' इतकं सोपं नाही ते. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघरातलं भिंतीवरचं चित्र, सवाष्णींनीच काढायचा, असा वारली लोकांचा रिवाज. शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. जिव्या सोमा म्हशे यांनी ती कला भिंतीवरून कागदावर आणली, रोजचं जगणंही त्यात आणलं. २०११ साली पद्मश्री मिळाली त्यांना. ॲक्रिलिकने कुंडीवर काढली की तिला 'वारलीसारखी नक्षी' म्हणा फार तर.

कोकणमेवा
मग पिठाने काढतील!

डोंगरवाट
काढा की. पाण्याच्या पहिल्या तांब्यात वाहून जाईल.

खडूफळा
वारली बाजूला ठेवा जरा. रंगीतसंगीत, कुंड्या रिकाम्या आहेत की रोपं लावलीत?

रंगीतसंगीत
रिकाम्या कशाला असतील? वाणात तुळस द्यायचीय ना. रंग वाळल्यावर लगेच लावली, रोज पाणी घालते. काही कुंड्या उरल्यात, त्या तशाच पडून आहेत. त्यांचा रंग व्यवस्थित आहे, तेच तर कळत नाहीये.

खडूफळा
मग कळलं. रंगाचा दोष नाही, महागातला घेतला असता तरी हेच झालं असतं. भाजलेली माती सच्छिद्र असते, आतलं पाणी भिंतीतून झिरपून बाहेर येतं. माठ गार राहतो तो त्यामुळेच. ॲक्रिलिक वाळलं की त्याचा प्लास्टिकचा पापुद्रा होतो. मागून आलेलं पाणी तिथे अडतं आणि रंगाला ढकलतं. वर वॉर्निश मारून तुम्ही उरलीसुरली वाटही बंद केलीत. फोडाखाली पांढरी भुकटी दिसत असेल तर ते पाण्यातले क्षार.
उपाय: रोपं काढा. सुटलेला रंग खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा. कुंड्या आतपर्यंत पूर्ण वाळू द्या, वरून कोरडी दिसली म्हणजे वाळली असं नाही. मग आतून आणि काठावर वॉटरप्रूफिंगचा थर. तळाचं भोक बुजवू नका.

निवांत_नाना
आतून थर दिला तर कुंडी श्वास कशी घेणार? तुळशीची मुळं कुजतील. त्यापेक्षा फेव्हिकॉल पाण्यात कालवून हात मारा, स्वस्तात काम.

खडूफळा
नाना, फेव्हिकॉलने तरी कुंडी कुठे श्वास घेणार? शिवाय साधा पांढरा गोंद सतत ओला राहिला की मऊ पडतो. मरीन नावाचा प्रकार पाण्याला टिकतो, पण तो लाकडासाठी. मुळं कुजतात ती पाणी साचून. भोक उघडं असेल, माती भुसभुशीत असेल तर प्लास्टिकच्या कुंडीतही तुळस जगते.

चहाबाज
फोटो टाका ना राव.

मोगरा_गच्चीवरचा
हळदीकुंकवाला सगळ्या बायकांना बोलावता का? आमच्या सोसायटीत यंदा विधवा काकूंनाही बोलावलं. त्यावरच लिहायला हवं.

डोंगरवाट
चांगलं केलंत. पण त्याचा वेगळा धागा काढा.

सातासमुद्रापार
सुंदर उपक्रम! पु.ले.शु. (पुढील लेखनाला शुभेच्छा)

रंगीतसंगीत
खडूफळा, धन्यवाद. पण पूर्ण वाळेपर्यंत रथसप्तमी जाईल. लवकर होणारं काही?

खडूफळा
उरलेल्या कोरड्या कुंड्या आधी वापरा. तुळस नर्सरीच्या काळ्या पिशवीत किंवा प्लास्टिकच्या छोट्या कुंडीत ठेवा आणि ती तशीच मातीच्या कुंडीत बसवा. मातीला पाणी लागलंच नाही तर रंग निघायचा प्रश्न नाही. पाणी मात्र बाहेर काढून घालायला सांगा, निथळलं की परत आत. ज्यांचा रंग निघालाय त्या पुढच्या वेळेसाठी वाळवत ठेवा, वाळल्या की त्याच ॲक्रिलिकने रंगवता येतील.

कोकणमेवा
किंवा गेरू. गेरू पाणी अडवत नाही, त्यामुळे फुगत नाही. फक्त डिंक घालून लावा, नाहीतर हाताला लागतो.

डोंगरवाट
हे मात्र बरोबर. पण डिंकही ओला झाला की सुटतो, दरवर्षी नव्याने लावायची तयारी ठेवा.

रंगीतसंगीत
पिशव्या बसतायत! काठ वर दिसतो, तिथे कापडी लेस चिकटवीन. नाना, प्रायमरचे पैसे तुमच्याकडून घेणार.

निवांत_नाना
खुर्ची बघायला या, मग बोलू.

चहाबाज
फोटो राहू द्या. माझ्याकडे जुनं तैलरंगाचं चित्र आहे, त्याचं आकाश ॲक्रिलिकने सुधारलं तर चालेल का?

खडूफळा
नाही, सुटून येईल. ॲक्रिलिकवर तैलरंग चालतो, उलटं नाही. कॅनव्हास की बोर्ड? आणि फोटो टाका.