पेटी, आवाज आणि तबला संगणकावर एकत्र बसत नाहीत: सुरुवात कुठे चुकते आहे?

कृष्णाकाठचा पेटीवादक

नमस्कार. मी वाईजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो आणि गेली वीस-बावीस वर्षे गावच्या भजनी मंडळात पेटीची साथ करतो. शाळेच्या परिपाठासाठी मी एक प्रार्थना रूपकात, म्हणजे सात मात्रांच्या तालात, बांधली आहे. ती घरीच संगणकावर ध्वनिमुद्रित करून मुलांना सरावासाठी द्यावी, असा माझा विचार आहे. माझ्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, यूएसबीला जोडायचा एक साधा माइक आणि मुलाने भेट दिलेला ब्लूटूथ हेडफोन आहे. रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर चाचणी मुदतीत उतरवून घेतले असून ट्रॅक वाढवणे, रेकॉर्ड करणे आणि नको तो भाग कापणे मला जमू लागले आहे.

अडचण पुढे येते. आधी पेटी वाजवून घेतली, मग ती हेडफोनवर ऐकत आवाज दिला. गाताना सगळे ठीक वाटते, पण नंतर दोन्ही एकत्र ऐकले की आवाज पेटीच्या मागे रेंगाळतो. त्यावर रूपकाचा एक तयार लूप (तबल्याचा पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) टाकला, तर पहिले कडवे कसेबसे निभावते आणि दुसऱ्या कडव्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, भलतीकडेच पडते. शिवाय हा तबला काळी एकमध्ये (पहिली काळी पट्टी सा धरून) असल्याचे लिहिले असूनही माझ्या काळी एकशी तो जुळत नाही, किंचित उतरलेला वाटतो. पाहिलेल्या बहुतेक चित्रफितींत चार मात्रांचा ड्रम कसा रचावा एवढेच शिकवले आहे. माझी चूक वादनात आहे, यंत्रात आहे की सॉफ्टवेअरच चुकीचे निवडले आहे, हे कृपया कोणी सांगेल का?

फेडरवरचे बोट

सर, सॉफ्टवेअर योग्य आहे, ते बदलू नका. रीपर ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरता येते आणि त्यानंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरला मिळतो. नवशिक्या माणसाचा सर्वाधिक वेळ शिकण्यात जात नाही, एक सॉफ्टवेअर काढून दुसरे टाकण्यात जातो, असे मी स्टुडिओत शिकायला येणाऱ्या मुलांच्या बाबतीत सतत पाहतो.

आपण तीन तक्रारी सांगितल्या आहेत आणि त्यांची कारणे तीन निरनिराळी आहेत. त्या एकत्र आल्या म्हणून गोंधळ मोठा वाटतो.

आवाज मागे राहण्याचे कारण बहुधा तो ब्लूटूथ हेडफोन आहे. संगणकातून निघालेला आवाज बिनतारी मार्गाने कानापर्यंत पोहोचायला साधारण १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. आपली लय मिनिटाला ९० मात्रांची असेल, तर एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची झाली, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर हा जवळजवळ पाव ते एक-तृतीयांश मात्रेचा उशीर आहे. आपण कानाला येणाऱ्या पेटीबरोबर अगदी बरोबर गाता, पण ती पेटी मुळातच उशिरा आलेली असते. साधा तारेचा हेडफोन लावा. शिवाय सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाची एक संख्या असते, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे सरकवतो तो आकडा. ती ४८,००० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला इतके नमुने) २५६ ठेवली तर त्या एका टप्प्यावर सुमारे ५ मिलिसेकंद जातात आणि १०२४ ठेवली तर सुमारे २१. ध्वनिमुद्रण करताना ती कमी ठेवावी. पुढे इफेक्ट लावायची वेळ आली आणि आवाज तडतडू लागला, की निःशंकपणे वाढवावी, कारण तेव्हा उशिराने काही बिघडत नाही. विंडोज असेल तर असिओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा जोड-प्रोग्राम) वापरा. माइकसोबत तो आलेला नसेल तर असिओ४ऑल हा मोफत मिळतो.

तबला उतरलेला वाटण्याचे कारण आपल्या पेटीत शोधा. सॉफ्टवेअरमधली वाद्ये पांढरी सहाचा सूर ४४० हर्ट्‌झ धरून मिळवलेली असतात, तर आपल्याकडच्या पुष्कळ पेट्या त्याहून थोड्या चढ्या असतात. मोबाइलवर ट्यूनरचे कोणतेही मोफत अ‍ॅप उतरवून घ्या आणि भाता एकसारखा ठेवून पांढरी सहा दाबून धरा. भात्याचा दाब वाढला-घटला की सूरही किंचित हलतो, म्हणून घाई करू नका. समजा आकडा ४४६ आला, तर आपली पेटी सुमारे २३ सेंट चढी आहे, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ पाव भागाने. मग पेटीला हात न लावता तबल्याचा लूप तेवढा चढवायचा. रीपरमध्ये त्या तुकड्यावर दोनदा क्लिक केले की उघडणाऱ्या खिडकीत पिच बदलण्याची जागा आहे.

तालाबद्दल माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारी मंडळी इथे आहेत.

डग्ग्याची शाई

मी तबला शिकवते, म्हणून फक्त सम हुकण्याबद्दल लिहिते.

सर, पेटी वाजवताना आपण मेट्रोनोम लावला नव्हता, असे आपल्या लिहिण्यावरून वाटते. भजनात लय हळूहळू चढणे हा दोष नाही, ती आपली सवय आहे आणि मंडळात पखवाजवादक आपल्याबरोबर चढतो. लूप मात्र चढत नाही. ९० च्या लयीत दोन मिनिटांत १८० मात्रा होतात. आपण सरासरी ९२ ने वाजवले तर १८४ होतात. चार मात्रांचा फरक म्हणजे रूपकात अर्ध्याहून जास्त आवर्तन, तेव्हा दुसऱ्या कडव्याला सम भलतीकडे पडली यात नवल नाही.

यावर मेट्रोनोम लावून पुन्हा वाजवा, असे कोणीही सांगेल, पण रूपकात त्याची एक गोम आहे. सॉफ्टवेअरचा मेट्रोनोम पहिल्या मात्रेवर जोराचा ठोका देतो, कारण त्याच्या लेखी पहिली मात्रा म्हणजे सर्वात वजनदार मात्रा. आपल्या रूपकात समेवरच खाली, म्हणजे बिनजोराची मात्रा, असते. ती ती ना, धी ना, धी ना असा ठेका मनात चालू असताना कानात मात्र नेमका पहिल्या 'ती'वर घणाचा घाव पडतो आणि हात अडखळतो. माझ्या एका विद्यार्थ्याने याच कारणाने आठवडाभर चौथी मात्रा सम समजून वाजवले होते. त्याचे वाजवणे स्वच्छ होते, फक्त सगळे तीन मात्रा पुढे सरकलेले होते.

तेव्हा प्रकल्पाची मात्रासंख्या चारऐवजी सात करा, म्हणजे पडद्यावरच्या उभ्या रेषा आवर्तनाप्रमाणे पडतील. त्यानंतर मेट्रोनोमच्या सेटिंगमध्ये जोर पहिल्या मात्रेवरून काढून चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर द्या. त्याहून सोपे म्हणजे मेट्रोनोम बंद ठेवा, आधी ठेक्याचाच ट्रॅक पूर्ण लांबीचा पसरा आणि त्याच्यावर पेटी वाजवा. आपण आयुष्यभर ठेक्यावरच वाजवत आला आहात, टकटक ऐकून वाजवण्याची सवय आता कशाला लावून घ्यायची?

शेवटच्या कडव्यात लय चढवायचीच असेल, तर तिथे टेम्पोची खूण घालून ९० चे ९६ करता येते. पण ते पेटी वाजवण्याआधी ठरवावे लागते, नंतर नाही. संगणकाशी साथसंगत करताना हा एक जाच आहे खरा. जिवंत तबलजी डोळ्यांत पाहून समजून घेतो.

मस्कतचा रियाज

वरील उत्तरांशी मी सहमत आहे, पण एक वेगळी वाट सुचवतो. पेटी माइकने घ्यायलाच हवी का? मी फ्लॅटमध्ये राहतो आणि रात्री दहानंतर पेटी काढली तर शेजारी दार वाजवतात, म्हणून मी मिडी कीबोर्डवर वाजवतो आणि पेटीचा नाद सॉफ्टवेअर देते. मिडीमध्ये आवाज साठवला जात नाही. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढेच टिपले जाते. त्यामुळे चुकलेला एक स्वर माऊसने उचलून जागेवर ठेवता येतो. आपल्या कामासाठी याचा आणखी एक मोठा उपयोग आहे. आपण काळी एकमध्ये गाता, पण मुलांना ती पट्टी सोयीची असेलच असे नाही. मिडीचा ट्रॅक काळी एकवरून पांढरी तीनवर न्यायला काही क्षण पुरतात आणि नादही फाटत नाही. रेकॉर्ड केलेली पेटी किंवा आवाज तसाच तीन अर्धे स्वर वर ओढला, तर तो कृत्रिम वाटू लागतो.

फेडरवरचे बोट

मुलांच्या पट्टीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि तो माझ्या लक्षातच आला नव्हता. सर, काहीही मुद्रित करण्याआधी वर्गात एकदा पट्टी तपासून घ्या.

मिडीच्या पेटीबद्दल मात्र माझे थोडे वेगळे मत आहे. मिडीत जोराचा आकडा ० ते १२७ असा असतो आणि तो बोट किती वेगाने पडले यावरून ठरतो. पेटीत बोटाच्या जोराला काही किंमत नसते, सगळा श्वास भात्यात असतो. वीस वर्षे डाव्या हाताने भाता सांभाळलेल्या माणसाने केवळ सोयीसाठी तो हात रिकामा ठेवावा, हे मला पटत नाही. खरी पेटीच घ्या. माइक भात्याच्या बाजूला ठेवला तर फुसफुस येते, म्हणून तो समोरून, पट्ट्यांच्या वर साधारण दीड फुटावर ठेवून पाहा. आवाजासाठी तोंडापासून एक वीत अंतर पुरे. पंखा बंद करा, मागे-बाजूला दोन गोधड्या टांगा आणि सर्वात मोठ्या तानेलाही मीटरचा काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही, इतकी पातळी ठेवा. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर कोणत्याही इफेक्टने पूर्ववत होत नाही.

कृष्णाकाठचा पेटीवादक

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. आठ दिवसांनी लिहितो आहे, कारण एकेक गोष्ट करून पाहत होतो.

शेजारच्या मुलाकडून तारेचा हेडफोन आणला आणि पहिल्याच फेरीत आवाज पेटीबरोबर आला. पांढरी सहा ट्यूनरवर ४४४ च्या आसपास स्थिरावली. तबला सुमारे १६ सेंट चढवल्यावर दोघे एका घरातले वाटू लागले. चौथ्या आणि सहाव्या मात्रेवरचा मेट्रोनोम मला मानवला नाही, म्हणून ठेका पसरूनच पेटी वाजवली. नववीच्या वर्गात पट्टी तपासली, तेव्हा माझ्या काळी एकमध्ये अंतरा गाताना मागच्या बाकांवरचे आवाज गप्प होत होते. आता पांढरी सहा धरून मुले अंतऱ्यापर्यंत जातात आणि सगळे पुन्हा वाजवून झाले आहे.

एकच शंका उरली. हेडफोनवर डग्गा छान घुमतो, पण तेच मोबाइलवर लावले की डग्गा नाहीसा होतो आणि फक्त चाट (तबल्याच्या कडेचा आवाज) ऐकू येते. मुले तर मोबाइलवरच ऐकणार आहेत. डग्ग्याचा ट्रॅक मोठा करू का?

डग्ग्याची शाई

मोठा करू नका, हेडफोनवर ऐकणाऱ्याच्या कानात तो धडकेल. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर काढताच येत नाहीत. इक्वलायझरमध्ये (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करायची सोय) डग्ग्याचा २०० ते ४०० हर्ट्‌झचा पट्टा दोन-तीन डेसिबलने उचलून पाहा. घिस्सा आणि गमक (तळहात घासून-दाबून निघणारा नाद) साधारण तिथे ऐकू येते आणि कान उरलेला डग्गा आपोआप भरून घेतो. नंतर लॅपटॉप बाजूला ठेवा आणि फोन वर्गातल्या टेबलावर ठेवून शेवटच्या बाकावरून ऐका.