प्रायोगिक चित्रपट नेमका कशामुळे प्रायोगिक होतो? तुमच्या आवडत्या चित्रपटातली एक जागा सांगा

पाऊलखूण

गेल्या आठवड्यात माया डेरेन आणि अलेक्झांडर हॅमिड यांचा 'मेशेस ऑफ द आफ्टरनून' बघितला. १९४३ चा, जेमतेम चौदा मिनिटांचा. लागोपाठ तीनदा बघितला. एक बाई घरी येते, खुर्चीत तिचा डोळा लागतो आणि मग तीच दुपार पुन्हा पुन्हा घडत राहते. किल्ली, सुरी, फूल, चेहऱ्याच्या जागी आरसा असलेली काळ्या वस्त्रांतली आकृती. कथा सांग म्हणाल तर मला यापुढे काही सांगता येणार नाही.

पण त्यात एक जागा आहे. ती बाई हातात सुरी घेऊन, खुर्चीत झोपलेल्या स्वतःकडेच निघते. मोजून चार-पाच पावलं टाकते, आणि आपल्याला दिसतात ते फक्त पाय. एक पाऊल वाळूत पडतं, एक गवतात, एक फरसबंदीवर, आणि शेवटचं खोलीतल्या गालिच्यावर. टेबलापासून खुर्चीपर्यंतचं अंतर ते किती! पण तेवढं कापायला ती किती लांबून आली आहे हे मला पोटात जाणवलं. कुणी शब्दांत सांगितलं असतं तर जाणवलं नसतं.

मित्राला दाखवला. तो म्हणाला, "याला अर्थ काही नाही, विचित्र दिसावं म्हणून केलंय." मला उत्तर देता आलं नाही आणि ते फार लागलं. हा नुसता विचित्रपणा नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. का नाही, ते सांगता येत नाही.

म्हणून इथे विचारतो. चित्रपट प्रायोगिक कशाने होतो? याद्या नकोत, याद्या हव्या तेवढ्या मिळतात. तुमचा जीव जडलेला एखादाच चित्रपट आणि त्यातली एक जागा सांगा.

जोडकाम

पावलांची जागा तुमच्या बरोबर लक्षात आली, आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. मी बरीच वर्षं संकलन केलं. आम्ही रोज हेच करायचो, पण लपवून. माणूस दारातून बाहेर पडतो तो एका जागी चित्रित केलेला असतो, जिना उतरतो तो दुसऱ्याच जागी. पाऊल जुळलं की बघणाऱ्याला जोड दिसत नाही. डेरेन यांनी तोच जोड घेतला, पाऊल अचूक जुळवलं आणि जागा मात्र उघड बदलू दिली. दोन वर्षांनी, १९४५ मध्ये, 'अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा' मध्ये त्यांनी हे आणखी लखलखीत केलं. टॅली बीटी हा नर्तक झाडीत पाय उचलतो आणि घरात टेकवतो. ते पाऊल कुठल्याच रंगमंचावर टाकता येणार नाही. ते फक्त जोडात आहे.

माझा स्वतःचा जीव मात्र 'मॉथलाइट' मध्ये अडकलेला आहे. स्टॅन ब्रॅकेज, १९६३. चार मिनिटंसुद्धा नाहीत, आवाज नाही, आणि चित्रीकरणाला कॅमेराही नाही. त्यांनी मेलेल्या पतंगांचे पंख, पाकळ्या, पानं आणि गवताची पाती पारदर्शक चिकटपट्टीच्या दोन थरांमध्ये दाबून बसवली आणि त्या पट्टीवरून प्रिंट काढून घेतली.

ऐकायला ही हस्तकला वाटते. सोळा मिलिमीटरची पट्टी हातात धरलेली असेल तर मात्र अंगावर काटा येतो. त्या पट्टीवरची एक फ्रेम जेमतेम साडेसात मिलिमीटर उंच असते, आणि सेकंदाला २४ फ्रेम प्रोजेक्टरच्या गेटमधून, म्हणजे दिव्यासमोरच्या चौकोनी खिडकीतून, जातात. आता दोन सेंटिमीटरचा पंख त्यावर उभा ठेवा. तो अडीच-तीन फ्रेमवर पसरतो. म्हणजे पडद्यावर तो अखंड येतच नाही. आधी टोक, मग मधला भाग, मग बुंधा, आणि सेकंदाच्या नवव्या भागात संपला. वीतभर गवताची काडी ठेवली तर ती जवळजवळ सेकंदभर चालते, एक थरथरणारी उभी रेघ होऊन. फ्रेम कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे पंखाला ठाऊक नाही. यंत्र त्याचे तुकडे करतं आणि आपले डोळे ते तुकडे जोडू बघतात.

आम्हाला शिकवलं होतं की कापायचं ते दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवरच. किंचित चुकलं की चित्र उडी मारतं. जोडावर टेप लावल्यावर आत हवेचा बुडबुडा राहिला तर तो पडद्यावर डाग होऊन चमकून जायचा, म्हणून नखाने घासून घासून बुडबुडे काढायचे. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख त्या काळात कायम झिजलेलं असे. 'मॉथलाइट' पहिल्यांदा बघितला तेव्हा मी चार मिनिटं श्वास रोखून बसले होते. जे आयुष्यभर दोष म्हणून घासून काढलं, टेपखाली अडकलेलं काहीतरी, तोच अख्खा चित्रपट होता.

तुमच्या मित्राला सांगायला माझ्याकडे एक कसोटी आहे. या चित्रपटाने कशाचा आधार सोडला, आणि तो सोडल्यावर आधी न दिसणारं काय दिसायला लागलं, एवढं विचारायचं. क्रिस मार्कर यांच्या 'ला जेते' (१९६२) ने हालचाल सोडली. २८ मिनिटं स्थिरचित्रं आणि निवेदन. मध्येच झोपलेल्या बाईची चित्रं एकमेकांत मिसळू लागतात, पक्ष्यांचा किलबिलाट वाढत जातो, आणि ती खरोखर डोळे उघडते. काही क्षणच. एरवी पडद्यावर माणसं दिवसभर पापण्या हलवतात, आपण लक्षही देत नाही. इथे त्या पापण्या हलल्या आणि मला रडू आलं. नुसतं विचित्र दिसण्यासाठी काही सोडलं असेल तर त्या बदल्यात असं काही मिळत नाही.

तळटीप

जोडकाम, 'मॉथलाइट' बद्दल इतकं नेमकं मी कुठेच वाचलं नव्हतं. कसोटीशी मात्र सहमत नाही. सोडण्यावर भर दिला की प्रयोग म्हणजे उपास असं वाटायला लागतं. झिगा व्हेर्तोव्ह यांचा १९२९ चा 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' घ्या. त्यात काय नाही! एकावर एक चित्रं, दुभंगलेला पडदा, उलटी गती, संथ गती, गोठलेली फ्रेम. तो चित्रपट हावरा आहे, आणि म्हणूनच मला प्रिय आहे.

त्यातली जागा सांगतो. धावता घोडा एकाएकी गोठतो. मग आणखी काही स्थिर चेहरे. मग कळतं की ही फिल्मची पट्टी आहे, भोकांसकट, आणि एक बाई टेबलाशी बसून ती तपासते आहे. ही येलिझावेता स्विलोवा, या चित्रपटाची खरीखुरी संकलक. तिच्या हातातल्या पट्टीवर एका मुलाचा चेहरा आहे, अगदी निश्चल. आणि पुढच्या क्षणी तोच चेहरा पडदाभर हसायला लागतो. चित्रपट आपली शिवण दाखवतो आणि तरीही जादू उणी होत नाही, उलट वाढते. माझ्या लेखी प्रायोगिक म्हणजे हे, की चित्रपट स्वतः कसा बनला याचा विचार आपल्यासमोर बसून करतो.

आणखी एक. समांतर आणि प्रायोगिक या दोन शब्दांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. गरिबी दाखवली, गाणी काढली, की प्रायोगिक! वास्तववादी चित्रपट उत्तम असू शकतो, पण सांगण्याची रीत जुनीच असेल तर त्यात प्रयोग कुठला? मणि कौल यांच्या 'उसकी रोटी' चं वेगळेपण बाई बसची वाट बघते या गोष्टीत नाही. तो सगळा चित्रपट २८ आणि १३५ मिलिमीटरच्या दोनच लेन्सवर चित्रित केला आहे. एक लेन्स भोवतालचा विस्तार दाखवते, दुसरी हात, चेहरा यांना भोवतालापासून तोडून जवळ आणते. घडतंय काय आणि तिच्या मनात काय चाललंय यांतली सीमा बघता बघता पुसट होत जाते. वाट बघणाऱ्या माणसाचं डोकं असंच चालतं.

जोडकाम

तळटीप, स्विलोवांचं नाव घेतलंत, फार बरं वाटलं. संकलकाचं नाव सहसा कुणी घेत नाही. पण त्याच चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाट्या आठवा. मध्ये मजकुराच्या पाट्या नाहीत, पटकथा नाही, नेपथ्य नाही, नट नाहीत असं तिथे जाहीर केलेलं आहे. एवढं सोडलं म्हणून तर हावरेपणाला जागा झाली. शिवण दाखवण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र मान्य, ते माझ्या कसोटीत बसत नाही.

खर्ज

मी ध्वनीचं काम करतो, त्यामुळे मायकेल स्नो यांच्या 'वेव्हलेंग्थ' (१९६७) बद्दलच बोलेन. ४५ मिनिटं. ८० फूट लांब खोली, आणि कॅमेऱ्याचा झूम एका टोकाकडून समोरच्या भिंतीकडे सरकत जातो. लोक एवढंच सांगतात आणि ऐकणारा पळून जातो. आवाजाबद्दल कुणी बोलत नाही. सुरुवातीला खोलीतले नेहमीचे आवाज आहेत. मग एक शुद्ध स्वर सुरू होतो. तो ५० सायकलवर, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांवर, सुरू होऊन चढत चढत १२,००० पर्यंत जातो.

५० सायकल म्हणजे काय हे माझ्या धंद्यातल्या माणसाला विचारा. आपल्याकडच्या विजेची ती घरघर. अर्थिंग नीट नसलं की ती ध्वनिमुद्रणात शिरते आणि ती काढण्यात आमची हयात जाते. स्नो तिथून निघतात. दुसरं टोक बघा. बारा हजारच्या आसपास पुष्कळ उतारवयातल्या माणसांना ऐकू येणं बंद होतं. म्हणजे ऐकण्याजोग्या जगाच्या जवळपास या काठापासून त्या काठापर्यंत तो स्वर जातो, त्याच वेळी चित्र रुंद खोलीतून आक्रसत एका बिंदूकडे जातं. ऐकताना माझ्या लक्षात आलं की स्वर चढतोय हे कळतच नाही. दोन मिनिटांनी आपण फक्त कुठेतरी वेगळ्या जागी असतो.

जागा सांगायची तर ही. एक माणूस आत येतो आणि जमिनीवर कोसळतो. कुठल्याही चित्रपटात कॅमेरा आता खाली वळला असता. इथे झूम पुढेच सरकत राहतो. माणूस चौकटीच्या खाली राहून जातो. पुढे एक बाई येऊन फोनवर त्याच्याबद्दल सांगते, पण आपल्याला तो आता दिसत नाही. मला एकदम खूप राग आला होता, आणि तो राग मी विसरलेलो नाही. शेवटी पडदाभर उरतो भिंतीवर लावलेला समुद्राच्या लाटांचा फोटो.

एक काळजीची सूचनाही. अशा चित्रपटांत टोनी कॉनरॅड यांच्या 'द फ्लिकर' (१९६६) चं नाव निघेलच. त्यात काळ्या-पांढऱ्या फ्रेमची झपाझप उघडझाप आहे. कुणाला अपस्माराचा त्रास असेल तर तो बघू नये. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तसा इशारा दिलेला आहे, आणि तो शोभेसाठी नाही.

वाटाणा

दादासाहेब फाळके यांची 'अंकुराची वाढ' ही चिमुकली फिल्मही या रांगेत हवी. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) च्या आधीची. वाटाणा पेरून रोज थोडं थोडं चित्रीकरण करत गेले, आणि पडद्यावर रोप भराभर उगवून आलं. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी हा हेतू होता, पण डोळ्यांना कधीच दिसू न शकणारी गोष्ट कॅमेऱ्याने दाखवली. अशी सुरुवात असताना आपण प्रयोगाला परका का मानतो हे मला कळत नाही.

पाऊलखूण

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. खर्ज, तुमचा प्रतिसाद वाचून 'वेव्हलेंग्थ' चांगले हेडफोन लावून बघितला. राग मलाही आला. माणूस चौकटीबाहेर गेल्यावर मी सारखा पडद्याच्या खालच्या कडेकडेच बघत होतो.

मित्राशी पुन्हा बोललो. या वेळी आख्खा चित्रपट दाखवला नाही, फक्त ती पावलं दाखवली आणि विचारलं, ती किती चालली? तो म्हणाला, "खोलीतल्या खोलीत तर चालली." मग थांबला, आणि म्हणाला, "नाही, बरीच चालली." बाकी त्याचं मत तेच आहे. आता त्याला 'मॉथलाइट' दाखवावा म्हणतो. जोडकाम, कसा दाखवू?

जोडकाम

खोलीत पूर्ण अंधार करा, आणि संगीत लावू नका. मूक चित्रपट बघताना हात आपोआप काहीतरी लावायला जातो, तो आवरा. आधी सलग चालवा, काही न सांगता. मग मध्ये कुठेही थांबवा. एकच फ्रेम समोर राहील, तिच्यात बहुधा पंखाचा तुकडा असेल, आरपार उजेड आलेला, एकेक शीर मोजता येईल इतका स्पष्ट. तो त्याला हवा तेवढा वेळ बघू द्या. मग पुन्हा चालू करा. शिरा लगेच दिसेनाशा होतात आणि फडफड सुरू होते. फडफड कुठल्याच एका फ्रेममध्ये नसते, हे त्याला थांबवून, चालवून, पुन्हा थांबवून स्वतःच्या हाताने करू द्या. रिमोट त्याच्याकडेच द्या.