शब्दचर्चा : नवी शीट चढवलेला जुना ड्रमसेट ‘मूळ’ म्हणावा का, आणि तो ‘मढवला’ असे म्हणता येईल का?

प्रश्न (परभणी)

आमच्या ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षे वाजलेला, १९६० च्या दशकातला एक अमेरिकी ड्रमसेट विक्रीला काढायचा आहे. ड्रमच्या अंगावर कारखान्यातच चिकटवलेली जी चकचकीत प्लास्टिकची शीट असते, ती सांध्यापाशी आखडून उचकटली होती आणि बास ड्रमवर तिला भेगा गेल्या होत्या. म्हणून ती उतरवून तशाच नमुन्याची नवी शीट बसवून घेतली. जाहिरातीत ‘मूळ ड्रमसेट, नव्याने मढवलेला’ असे लिहिले, तर एका जाणकारांनी ‘मूळ’ आणि ‘मढवलेला’ या दोन्ही शब्दांना हरकत घेतली. या कामाला मराठीत नेमके काय म्हणावे, आणि असा सेट संग्राहकांना व वादकांना चालतो का, याविषयी कृपया लिहावे.

लातूर, तबला-ढोलकीचे कारागीर

हरकत रास्त आहे. देव्हारा चांदीने मढवतात, त्या अर्थाने पाहिले तर ड्रम शीटने मढवला असे म्हणण्यात व्याकरणाची चूक नाही. परंतु वाद्यांच्या बाबतीत हा शब्द फार पूर्वीपासून दुसऱ्या कामासाठी राखलेला आहे. ‘तबला मढवून आणला’ असे कोणी म्हणाले, तर पुडी (तोंडावरचे कातडे) बदलली, वादी (ते ताणणारा पट्टा) ओढली, एवढेच आम्ही समजतो. खोडाला, म्हणजे लाकडी अंगाला, कोणी हात लावला असेल अशी शंकाही येत नाही. आपली जाहिरात वाचणाराही हेच समजेल की ड्रमची पाने, म्हणजे वाजवायचे पडदे, बदलली आहेत. पाने बदलण्याला जगात कोणाचीच हरकत नसते, कारण ती वाजून झिजण्यासाठीच असतात. पूर्वी ड्रमला वासराचे कातडे लावत, १९५७ मध्ये रेमो कंपनी प्लास्टिकची पाने घेऊन आली, आणि तेव्हापासून तर पान ही सरळ विकत आणून बदलण्याची वस्तू झाली आहे. खोडाच्या अंगावरचे आवरण बदलणे हे त्याहून पुष्कळ मोठे काम आहे, आणि ‘मढवलेला’ या शब्दाच्या आड ते लपून जाते, मग लिहिणाऱ्याच्या मनात तसे असो वा नसो.

दुसरे शब्द तपासले तर ‘गवसणी’ तंबोऱ्याला घालतात आणि बैठकीत काढून ठेवतात, म्हणून ती चिकटवलेल्या शीटला लागू पडत नाही; ‘खोळ’ही त्याच कारणाने बाद. ‘मुलामा’ धातूचा आणि ‘रोगण’ पातळ. ‘वेष्टन’ चालेल, पण मला त्यात साबणाच्या वडीचा कागद दिसतो. आमच्या दुकानात ‘शीट बदलली’ म्हणतात आणि त्यात कोणाचाही गैरसमज होत नाही. लिखाणात ‘नवे आवरण चढवले’ असे म्हणावे. ड्रमच्या लाकडी कवचासाठी मात्र ‘शेल’ म्हणण्याची गरज नाही, पखवाजाप्रमाणे ‘खोड’ हा शब्द तिथे बिनचूक बसतो.

छत्रपती संभाजीनगर, जुन्या वाद्यांचे संग्राहक

शब्दाविषयी वरील मत मान्य आहे. संग्राहक नव्या आवरणाला नाक का मुरडतात, हे सांगितल्याशिवाय मात्र ‘मूळ’ या शब्दाचा निकाल लागणार नाही.

जुन्या शीट सेल्युलोज नायट्रेटच्या असत, म्हणजे जुन्या चित्रपटांच्या फिती ज्या पदार्थाच्या होत त्याच. हा पदार्थ काळाबरोबर आकसतो, पिवळा पडतो, तडकतो आणि भडकन पेट घेतो. त्यामुळे जुनी शीट गरम हवेने सैल करताना फार सांभाळावे लागते. पांढऱ्या मोतिया शीटची आज जी लोण्यासारखी पिवळसर छटा दिसते, ती कारखान्याने दिलेली नसून काळाने दिलेली आहे, आणि संग्राहक नेमके तिच्याच शोधात असतात. शिवाय शीट ही केवळ शोभा नव्हे. तिचा सांधा कुठे आला आहे, कंपनीचा बिल्ला त्याच्या भोकातल्या कोणत्या धातूच्या नळीने आवळलेला आहे, लगची (पान ताणणारे स्क्रू धरणाऱ्या, खोडावरच्या धातूच्या तुकड्यांची) भोके तिच्यातून कशी पाडली आहेत, यावरून सेट कोणत्या कारखान्यातला आणि साधारण कोणत्या काळातला हे ओळखता येते. शीट उतरवताना बिल्ल्याची नळी बहुधा तुटते आणि कधी कधी गोंदाबरोबर खोडाचा वरचा पातळ पदरही सोलून निघतो. तो पुरावा एकदा गेला की कितीही सुबक काम केले तरी परत येत नाही.

यात पैशाचाही भाग आहे. बीटल्स या वाद्यवृंदाचा ड्रमवादक रिंगो स्टार याने १९६३ मध्ये लंडनमध्ये लुडविग या अमेरिकी कंपनीचा काळ्या शिंपल्याच्या नमुन्याचा सेट घेतला आणि ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेच्या दूरदर्शनवर बीटल्स दिसल्यानंतर लुडविगच्या मालाला प्रचंड मागणी आली. त्याचा तो पहिला लुडविग सेट २०१५ च्या लिलावात वीस लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. त्या काळचा, त्या नमुन्याचा साधा सेटही त्यामुळे भाव खातो, आणि दुसऱ्या रंगाच्या जुन्या खोडावर काळा शिंपला चढवण्याचा मोह विक्रेत्याला का होतो, हे वेगळे सांगायला नको. आज जुन्या नमुन्यांच्या नकली शीट उत्तम प्रतीच्या मिळतात, म्हणून तर शंका अधिक घेतली जाते. आपण त्याच नमुन्याची शीट बसवली, हे आपल्या दृष्टीने इमानदारीचे काम; खरेदीदाराच्या दृष्टीने मात्र ओळखायला सर्वांत अवघड असा बदल तोच.

याचा अर्थ प्रत्येक नवे आवरण म्हणजे अपराध, असा नाही. आधीच्या मालकाने सेटला तैलरंग फासला असेल, शीट पूर्ण सोलून टाकली असेल, किंवा जादा भोके पाडून खोडाची चाळण केली असेल, तर हरवण्यासारखे काही उरलेलेच नसते. अशा खोडावर नवी शीट चढवण्याला कडक संग्राहकही सहसा अडवत नाही. आपल्या सेटवर मात्र शीट होती. आखडलेली, तडकलेली, पण होती.

जालना, ड्रमवादक

माझ्यासारख्याला सेट कपाटात ठेवायचा नसतो. उचकटलेल्या शीटची कड कपड्यात अडकते, आणि शीट सैल झाली की विशिष्ट सुराला ती भुणभुणते. लग्नाच्या मोसमात, मे महिन्याच्या उन्हात मंडपामागे वाद्ये पडून राहिली की तिची आणखी दुर्दशा होते. अशा वेळी नवी शीट बसवण्यात मला काहीही वावगे वाटत नाही. उलट संग्राहक तिला कमी भाव देतात म्हणून चांगले खोड आमच्या आवाक्यात येते.

वादकाने एवढे पाहावे की शीटची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असली तरी सांध्यावर ती दुप्पट होते, आणि जुने खोड मुळातच घेराने थोडे भरलेले असेल तर पान एका बाजूला अडकून सूर सारखा लागत नाही. म्हणून शीट खोडाच्या काठापर्यंत न नेता थोडी अलीकडे थांबवतात. शीटने आवाज बदलतो का, या वादात मी पडत नाही. पान आणि ताण यांनी होणाऱ्या फरकापुढे तो फरक मला तरी मंचावर कधी जाणवला नाही.

नांदेड, भाषाशिक्षक

‘मूळ’ हे विशेषण कशाला लावले आहे, यावर सगळे अवलंबून आहे. जुन्या पैठणीचे जरीचे काठ नव्या कापडाला जोडले, तर काठ जुने असतात, पैठणी जुनी नसते. आणि आपण तसे सांगतोही. येथे ‘मूळ खोड’ खरे आहे, ‘मूळ ड्रमसेट’ नाही. ‘अस्सल’ हा शब्द तर त्याहून कडक आहे, कारण जुन्या दप्तरांत तो ‘नक्कल’ या शब्दाच्या विरोधात वापरला जातो. तो येथे मुळीच वापरू नये.

‘जीर्णोद्धार’ हा शब्दही मला सुचला होता, पण त्यात पुण्यकर्माची छटा आहे आणि ती विक्रेत्याला फुकट मिळते. आपल्याकडे निजामी अमदानीपासून रुळलेला ‘मरम्मत’ हा शब्द तटस्थ आहे. निजामाच्या सरकारने १९२० च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटालियन तज्ज्ञ बोलावले, त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगण दिले आणि पुढे तेच रोगण पिवळे पडून पुरातत्त्व खात्याला ते उतरवावे लागले. तेव्हा ‘जतन’ हा शब्द वापरतानाही हात आखडता घ्यावा असे मला वाटते.

परभणी, प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. मग असे लिहिले तर चालेल का : ‘१९६० च्या दशकातील अमेरिकी ड्रमसेट, खोड, लग व बिल्ले मूळ, आवरण अलीकडे बदललेले, जुन्या नमुन्याप्रमाणे, पाने नवी’?

छत्रपती संभाजीनगर, संग्राहक

चालेल, पण ‘बिल्ले मूळ’ याच्यापुढे ‘काढून पुन्हा बसवलेले’ हे शब्द घालावेत, कारण नळी नवी आहे हे पाहणाऱ्याला दिसतेच. उतरवलेली जुनी शीट टाकली नसेल तर ती सेटबरोबर द्यावी, निदान सांध्याचा आणि बिल्ल्याच्या भोकाचा तुकडा तरी द्यावा. तो दाखवला तर खोडाच्या वयावर कोणी वाद घालणार नाही आणि किंमतही थोडी सावरेल. खोडाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आवरण बदलल्याचे साल लिहून ठेवावे, म्हणजे सेट पुढे आणखी कोणाच्या हाती गेला तरी माहिती जाहिरातीवर विसंबून राहणार नाही.